मदत हवी आहे: तोफखान्यातल्या आजोबांची युनिट कशी शोधायची?

नमस्कार मंडळी,

आमचे आजोबा गेल्या श्रावणात गेले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. वर्षश्राद्धाला घरच्यांसाठी त्यांच्या आयुष्यावर एक छोटी पुस्तिका छापायची आहे. शेतातले, अंगणातले अण्णा आम्हाला पाठ आहेत, पण फौजेतल्या अण्णांबद्दल हाताला फार थोडं लागतंय.

मूळ गाव पांढुर्ली. चीनच्या लढाईनंतर 1963 मध्ये नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला, म्हणजे तोफखान्याच्या प्रशिक्षण केंद्रात गेले आणि 1980 मध्ये हवालदार म्हणून पेन्शनवर आले. डिस्चार्ज बुक माळ्यावरच्या ट्रंकेत होतं. त्यातली नेमकी युनिटची पानं वाळवीनं खाल्ली आहेत. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, नंबर आणि हुद्दा आहे, युनिट नाही. मेडलवरही नंबर, हुद्दा, नाव आणि पुढे फक्त आर्टिलरी एवढंच कोरलेलं दिसतं. आजी दर दसऱ्याला पितांबरीनं मेडल घासायची, त्यामुळे अक्षरंही झिजलीत.

गावात सगळे म्हणतात, अण्णा बांगलादेशच्या लढाईत होते. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरही तेच छापलं होतं. पण मेडल बघून भगूरच्या एका माजी सुभेदारांनी सांगितलं की हा पश्चिमी स्टार आहे, पूर्वेकडे लढलेल्यांना पूर्वी स्टार मिळाला. म्हणजे डिसेंबर 1971 मध्ये अण्णा पश्चिम आघाडीवर होते. आजीला त्यांच्या तोंडचा एकच शब्द आठवतो, ‘तवी’. तवीचं पाणी हाडं गोठवायचं, असं ते म्हणायचे. आता जम्मू शहराला लागून वाहणारी तवी वेगळी आणि छांबजवळची मुनव्वर तवी वेगळी. छांबला तेव्हा फार मोठी लढाई झाली आणि आपल्या सैन्याला नदीच्या अलीकडे यावं लागलं. अण्णा तिथे असतील, तर त्यांच्या गप्प राहण्याचं कारण मला थोडं समजेल. पण अंदाजावर एक ओळही छापायची नाही. ज्या माणसानं जन्मभर स्वतःचा मोठेपणा सांगितला नाही, त्याच्या नावावर न लढलेली लढाई चढवणं मला पटत नाही.

देवळालीच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या खिडक्या थरथरायच्या. अण्णांचा उजवा कान कामातून गेलेला, तरी ओट्यावर बसून ‘ही मीडियम’ असं तोफेचा प्रकार ते नुसत्या आवाजावरून बिनचूक सांगायचे. पण गावाला ते आठवतात ते नोव्हेंबरमुळे. हयातीच्या दाखल्याचे दिवस आले की पंचक्रोशीतल्या फौजींच्या विधवा बायकांना ते स्वतः नाशिकरोडला बँकेत घेऊन जायचे. फॉर्म भरायचे, अंगठा कुठे उठवायचा ते दाखवायचे, रांगेत त्यांच्या जागी उभे राहायचे. कुणाची फॅमिली पेन्शन अडली तर अर्ज लिहून द्यायचे आणि पैसे खात्यात येईपर्यंत पिच्छा सोडायचे नाहीत. त्यातल्या एक आजी दहाव्याला आल्या आणि ‘आता माझा दाखला कोण करणार?’ म्हणून रडल्या. युनिट सापडो न सापडो, पुस्तिकेतलं सगळ्यात मोठं प्रकरण हेच असणार.

तर माहीतगारांना विचारायचं आहे. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिकरोड कॅम्पलाच आहे. आजीच्या सहीचा अर्ज, पीपीओची प्रत आणि मृत्यूचा दाखला एवढ्यावर ते सेवेचा तपशील देतात का? की अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जायला हवा? माहिती अधिकारात विचारणं योग्य ठरेल का, की घरच्या माणसाला साध्या अर्जानेच लवकर उत्तर मिळतं?

जुनी युद्धविषयक कागदपत्रं 25 वर्षांनंतर राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवण्याचं धोरण 2021 मध्ये संरक्षण मंत्रालयाने जाहीर केलं होतं. कुणा कुटुंबाला एखाद्या फील्ड किंवा मीडियम रेजिमेंटची 1971 ची वॉर डायरी (युनिटची लढाईतली रोजची नोंदवही) प्रत्यक्ष बघायला मिळाली आहे का?

आणि तुमच्या घरी कुणी 1971 मध्ये तोफखान्यात जम्मू किंवा छांबकडे असतील, तर त्यांना एवढं नक्की विचारा की सिन्नर तालुक्यातला, नंबर वन, म्हणजे तोफेच्या तुकडीचा प्रमुख, म्हणून तोफेवर असलेला एखादा उंच, अबोल जवान आठवतो का. त्या वयाची माणसं झपाट्याने कमी होत चाललीत, म्हणून घाई करते आहे.

अण्णांचा सेवा क्रमांक इथे उघड लिहीत नाही. ज्यांना तपासणं शक्य आहे त्यांना व्यक्तिगत निरोपातून कळवेन. एक जुना गटाचा फोटोही आहे. त्यात पाटीवरची अक्षरं अर्धवट दिसतात. तोही पाठवते.