शब्दचर्चा : ‘व्यक्त होणे’ नेमके कोणी?

वृत्तपत्रांतून आजवर शोक व्यक्त होत असे, नाराजी व्यक्त होत असे, क्वचित समाधानही व्यक्त होत असे. माणूस स्वतः मात्र व्यक्त होत नसे, तो काहीतरी व्यक्त करत असे. आता ‘मी फेसबुकवर फारसा व्यक्त होत नाही’, ‘या विषयावर तुम्ही अजून व्यक्त झाला नाहीत’ अशी वाक्ये सर्रास कानावर पडतात. मत, दुःख, राग ही मधली नामे गळून गेली आणि त्यांच्या जागी माणूसच येऊन बसला. परवा एका लेखाची मुद्रिते तपासताना समाजमाध्यमांच्या संदर्भात ‘आत्मसादरीकरण’ असा बोजड शब्द आढळला. तो खोडून मी ‘व्यक्त होणे’ लिहिले आणि थबकलो. सादर करण्याला पूर्वतयारी लागते, समोर प्रेक्षक लागतो. व्यक्त होण्यात आतले बाहेर येणे अभिप्रेत असते. इन्स्टाग्रामवर जे चालते ते बहुधा पहिले असते आणि त्याला नाव दुसऱ्याचे दिले जाते. जाणकारांना काय वाटते?

प्रतिसाद १

माणूस कर्त्याच्या जागी येणे तितकेसे नवे नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील २८व्या श्लोकात भूतमात्र आरंभी अव्यक्त, मध्ये व्यक्त आणि शेवटी पुन्हा अव्यक्त असते, असे म्हटले आहे. ‘व्यक्ती’ हा शब्दही त्याच घरातला : ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘अञ्ज्’ हा धातू मिळून स्पष्ट होणे, प्रकट होणे असा अर्थ होतो. इंग्रजीतला ‘पर्सन’ मात्र लॅटिन ‘पर्सोना’वरून, म्हणजे नाटकातल्या मुखवट्यावरून आला. (एवढ्यावरून कोणाच्या प्रामाणिकपणाचा निवाडा करू नये, व्युत्पत्ती ही काही जन्मपत्रिका नव्हे.) मला नवे वाटते ते आज्ञार्थी रूप. ‘व्यक्त व्हा’ असे माणसाला पूर्वी कोणी बजावत नसे. आता एखाद्या घटनेवर दोन दिवस काही लिहिले नाही, तर त्या गप्प राहण्याचाही अर्थ लावला जातो.

प्रतिसाद २

संस्कृत शब्द बाजूला ठेवून घरातली क्रियापदे पाहावीत, असे सुचवतो. माझी मावशी नातवाच्या बारशाचा फोटो ‘स्टेटसला ठेवते’. तिचा मुलगा तोच फोटो ‘इन्स्टाला टाकतो’. व्हॉट्सॲपवर २०१७ साली आलेले हे स्टेटस २४ तासांत आपोआप नाहीसे होते, पण क्रियापद वापरले जाते ते ‘ठेवणे’. आणि इन्स्टाग्रामवरचा फोटो आपण काढून टाकेपर्यंत वर्षानुवर्षे राहतो, तरी तो ‘टाकलेला’. मावशी रात्री निजण्यापूर्वी डोळ्याच्या खुणेवर बोट ठेवून फोटो कोणी कोणी पाहिला याची यादी वाचते. ‘धाकट्या जाऊबाईंनी दुपारीच पाहिला, पण अवाक्षर बोलल्या नाहीत,’ असे तिने मला एकदा सांगितले, तेव्हा तो फोटो कोणासाठी ठेवला होता ते कळले. तिने ‘व्यक्त झाले’ असे म्हटलेले मी कधी ऐकले नाही.

मूळ प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

‘टाकणे’बद्दल थोडी दुरुस्ती करतो. आपण पत्र टाकतो, अर्ज टाकतो, रजाही टाकतो. तिथे फेकून देणे नसते, आपल्या हातून सुटून पुढे जाणे असते, आणि इन्स्टाग्रामला तो अर्थ चपखल बसतो. लेखापुरता ‘मिरवणे’ हा शब्दही मनात येऊन गेला. करवली लग्नात मिरवते, त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. पण लेखात तो शब्द टोमण्यासारखा वाजला असता आणि लेखकाचा रोख तसा नव्हता. अखेर मी ‘स्वतःला मांडणे’ असे लिहिले. मराठीत मत मांडतात, दुकान मांडतात आणि लग्नात रुखवतही मांडतात. सगळे काही वधूने स्वतःच्या हाताने केले, असे रुखवतापाशी उभी असलेली मावशी सांगत असते. शेजारच्या काकूंनी केलेली लोकरीची बाहुलीही त्यातच असते आणि पाहणाऱ्या बायकांना ते ठाऊक असते.