अ‍ॅमिट्रिप्टिलीन: १० मिलिग्रॅमवर भरवसा ठेवावा का?

रात्रपाळी:
मधुमेहात पायांची होणारी आग, नागिणीनंतरची ठणक यांवर अ‍ॅमिट्रिप्टिलीन हे मुळात नैराश्यावरचं औषध लहान डोसमध्ये सर्रास लिहिलं जातं. डोस लहान म्हणून कुणी ईसीजीही काढत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पासष्टी ओलांडलेल्यांना हे पहिलं औषध म्हणून देऊच नये. तोंड कोरडं पडलेलं सोसतं. पण प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी तुंबते, भ्रम होतो, रात्री उठताना रक्तदाब घसरून माणूस पडतो आणि खुबा मोडतो. बीअर्स यादी, म्हणजे वयस्करांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी, हीही या वयात टाळाच म्हणते.

खलबत्ता:
मग द्यायचं काय? अशाच दुखण्यावर प्रीगाबालिन आणि ड्युलोक्सेटीनही देतात. पण प्रीगाबालिननेही तोल जातो, शिवाय किडनी मंदावली असेल तर डोस उतरवावा लागतो. ड्युलोक्सेटीन यकृताच्या आजारात चालत नाही. दोष औषधापेक्षा लिहिण्याच्या घाईचा आहे. झोपण्याच्या तास-दोन तास आधी १० मिग्रॅ द्या. आठवडाभराने गरज वाटली तरच आणखी १० वाढवा. वेदनेसाठी ७५ च्या वर जायची वेळ क्वचितच येते. आधी ईसीजी, आडवं आणि उभं असताना रक्तदाब, काचबिंदूची चौकशी. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा हार्ट ब्लॉक असेल, तर विषय तिथेच संपला.

मोजूनमापून:
दोघांच्याही नजरेतून सोबतच्या गोळ्या सुटल्या. फ्लुओक्सेटीन आणि पॅरोक्सेटीन ही नैराश्यावरची औषधं अ‍ॅमिट्रिप्टिलीनचा निचरा करणारं यकृतातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम रोखतात, मग तोच २५ मिग्रॅचा डोस रक्तात कितीतरी जास्त साचतो. फ्लुओक्सेटीन बंद केल्यावरही हा परिणाम काही आठवडे टिकतो, त्यामुळे ‘ते आता घेत नाही’ या उत्तरावर विसंबू नका. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक जोडीला असेल तर झटक्यांचा (फिट येण्याचा) धोका वाढतो. एमएओआय या नैराश्यावरच्या जुन्या गटातलं औषध थांबवल्यावर १४ दिवस मध्ये जायलाच हवेत.

रात्रपाळी:
आणि ओव्हरडोस? आत्महत्येचे विचार असतील तर आठवड्याच्याच गोळ्या द्या, हा सल्ला ऐकायला बरा. हिशेब करा: ७५ मिग्रॅ रोज, सात दिवस, म्हणजे ५२५ मिग्रॅ. ५० किलोच्या माणसाला हे किलोमागे १० मिग्रॅच्या वर गेलं, म्हणजे थेट जिवावर बेतणारं. एका आठवड्याच्या पाकिटात!

खलबत्ता:
हिशेब बरोबर, पण तो ७५ चा आहे. १० मिग्रॅच्या १४ गोळ्या म्हणजे १४० मिग्रॅ, त्याच माणसाला किलोमागे ३ सुद्धा नाही. नैराश्यासाठी हे औषध आज पहिलं म्हणून मीही लिहिणार नाही, तिथे तुमच्याशी वाद नाही.

मोजूनमापून:
घरात लहान मूल असेल तर हा दिलासा टिकत नाही. १० किलोच्या मुलाला १० च्या पाच गोळ्या म्हणजे किलोमागे ५ मिग्रॅ, तातडीने दवाखाना. तिथे ईसीजीवर क्यूआरएस (हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावतानाची लाट) १०० मिलिसेकंदांच्या वर रुंदावला, की सोडियम बायकार्बोनेट शिरेतून, किलोमागे १ ते २ मिलिइक्विव्हॅलंट. झोपेच्या काही गोळ्यांवरचा उतारा असलेलं फ्लुमाझेनिल देऊ नये, झटके येतात.

रात्रपाळी:
मग निदान चिठ्ठीवर मुदत तरी लिहा. योग्य डोसवर ६ ते ८ आठवड्यांत आराम नाही, तर चार आठवड्यांत टप्प्याटप्प्याने बंद. वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी पुढे ढकलली जाते, माझं भांडण त्याच्याशीच आहे.