कुणी तुमचं गाणं मुकं केलंय का?

काल भाच्याने गणपतीतलं गाणं टाकलं आणि दहा मिनिटांत कॉपीराइटमुळे आवाज गायब. मला २०१९ ची कोजागिरी आठवली. इंदुरातल्या रामबागेतली गच्ची, पेटी, आटीव दूध, आणि आईने म्हटलेला तुकोबांचा अभंग. यूट्यूबवर टाकला तर दावा! म्हटलं, तुकोबांचा हा वारस कुठून निघाला? तर शब्द मोकळे, चाल मात्र अलीकडच्या संगीतकाराची. घाबरून व्हिडिओच उडवला. बऱ्याचदा नुसते जाहिरातीचे पैसे त्यांच्याकडे जातात, व्हिडिओ राहतो, हे फार उशिरा कळलं. आई आता नाही.
तुमचे अनुभव लिहा.

खालचा_सा: माझा नुसता यमनचा आलाप होता हो. कुणाच्या तरी रेकॉर्डिंगशी जुळला म्हणे. यमनात निरेग नाही गाणार तर काय गाणार? हरकत घेतली. समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात, तो गप्प राहिला, सुटलो.

पोहेजलेबी: रामबागेत कुठे? आम्ही नारायण बागेत. तुमच्याकडची पेटी ऐकू यायची बहुतेक 🙂

वरमाय२०२३: लेकाच्या हळदीला लॉनवाल्याने गाण्यांच्या लायसनचे वेगळे पैसे लावले. लग्नाला आणि त्यातल्या समारंभांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. २०२३ च्या जुलैत केंद्राने तसं पत्रकही काढलं. पण मांडव घातलेला, भांडतंय कोण!

कराओके_काका: आमचं मंडळ हौशी, तिकीट नाही, म्हणून निर्धास्त. मग एकाने फेसबुक लाइव्ह लावलं. ते वेगळं प्रकरण, त्यात ट्रॅकही दुसऱ्याचा. माझ्या अंतऱ्यालाच बंद पडलं. मंडळी म्हणतात, भिया (भाऊ), मशीनला कान आहेत.

पोहेजलेबी: 😂😂

ताईची_वही: सगळा दोष हक्कवाल्यांना नको. माझे काका गाणी लिहायचे, एकरकमी पैसे घेऊन सही करून मोकळे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराने म्हटलं तरी त्याला रॉयल्टी सोडता येत नाही. काका तोवर गेले होते.

खालचा_सा: भातखंड्यांच्या बंदिशी गा खुशाल. १९३६ ला गेले, त्यापुढे ६० वर्षं हक्क राहतो, तीही केव्हाच सरली. फक्त दुसऱ्याची रेकॉर्ड उचलून लावू नका.

वरमाय२०२३: अभंग मूळ फोनमध्ये असेल की! बघितलंत का?

धागाकर्ती: जुना फोन चार्जिंगला लावलाय. पिन ढिली आहे, हाताने धरून बसलेय.

कराओके_काका: रबरबँड लावा.