अल्बिन काउंटर-गॅम्बिट : खरं हत्यार की नुसता सापळा?

तिरका_उंट : बुद्धिबळातलं हे ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली (× म्हणजे मारणं, ? चूक, ! चांगली चाल) : १. डी४ डी५ २. सी४ ई५. वजिराच्या गॅम्बिटला (फायद्यासाठी प्यादं देऊ करणं) काळ्याने थेट उलटा गॅम्बिट द्यायचा. ३. डी×ई५ डी४ नंतर काळं प्यादं डी४ वर रुतून बसतं, आणि पांढऱ्याला ई३ सहज खेळता येत नाही. ४. ई३? उंट बी४ शह ५. उंट डी२ डी×ई३ ६. उंट×बी४?? ई×एफ२ शह ७. राजा ई२ एफ×जी१ आणि प्याद्याचा घोडा, शहासह! वजीर केला तर पांढरा आधी वजिरावजिरी करून मोकळा होतो. घोड्याने शह बसतो, ८. हत्ती×जी१ ला उंट जी४ शह, वजीर गेला. माझ्या मते ब्लिट्झमध्ये (काही मिनिटांच्या झटपट डावात) हे ओपनिंग न खेळणं म्हणजे हातचे गुण सोडणं.

पायदळ : असहमत. हा लास्कर सापळा शंभरेक वर्षं छापून येतोय. ६. एफ×ई३ खेळला की वजीर वाचतो, फक्त प्यादी विस्कटतात. आणि ४. घोडा एफ३ घोडा सी६ ५. जी३ नंतर काय? उंट ई६, वजीर डी७ आणि लांब कॅसलिंग (राजा वजिराच्या बाजूला नेणं) ही जुनी मांडणी म्हणजे स्वतःहून मार खाणं. जी२ च्या उंटाचा रोख बी७ वर, त्यात बी४-बी५ ने सी६ चा घोडा हलला की राजा उघडा.

तिरका_उंट : म्हणूनच हल्ली ५...जी८ चा घोडा ई७ आणि मग घोडा जी६. रशियन ग्रँडमास्टर मोरोझेविचने ही पद्धत वरच्या पातळीवर चालवून दाखवली. ई५ चं प्यादं वसूल करायचं, कॅसलिंगची घाई नाही.

पायदळ : ६. उंट जी२ घोडा जी६ ७. उंट जी५ वजीर डी७ ८. ई६! प्यादं परत देऊन टाकलं. ८...एफ×ई६ ९. कॅसलिंग, आणि जी६ च्या घोड्याला आता मारायलाच काही नाही.

तिरका_उंट : ९...ई५ नंतर प्यादी सात-सात, ई५-डी४ जोडी उभी, एच६ ने उंट हाकलता येतो. पांढरा थोडा बरा, पण "खंडन" वगैरे म्हणू नका.

शेवटची_रांग : दोघेही एक गोष्ट विसरताय. लंडन सिस्टिमवाला दुसऱ्या चालीला सी४ ऐवजी उंट एफ४ किंवा घोडा एफ३ खेळला, की अल्बिन संपलं. आणि २. सी४ ई५ नंतर ३. ई३ ई×डी४ ४. ई×डी४ झालं तर सरळ फ्रेंच एक्स्चेंजमधली (दुसऱ्या एका ओपनिंगमधली) सी४ वाली स्थिती येते. ती आधी शिका.

पायदळ : आणि क्लासिकलमध्ये (लांब वेळेच्या डावात) ४. घोडा एफ३ घोडा सी६ नंतरच्या ५. ए३ ला सुद्धा उत्तर तयार ठेवा. बी४ चा शह बंद होतो, शिवाय बी४-बी५ ची तयारी. घोडा जी६ वर पोचेपर्यंत सी६ वाल्याची हकालपट्टी सुरू झालेली असते.

तिरका_उंट : ए३ ला तेच घोडा ई७, आणि बी४ आलं की घोडा जी६. बी५ ने हाकललेला घोडा ई५ वरच्या प्याद्यावरच तुटून पडतो. लाइन टाका, तपासू.