‘आधुनिक गुलामगिरी’, ‘वेठबिगार’ की आणखी काही?

(चर्चेत भाग घेणारे आपापल्या वस्तीच्या किंवा गावाच्या नावाने लिहितात.)

दांडियाबाजार: बडोद्यातील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखान्याचे, कामगारांवरील सक्तीविरुद्धचे धोरणपत्रक इंग्रजीतून मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कारखान्यात पंपांचे सुटे भाग तयार होतात आणि माल ब्रिटनला जातो. तिथल्या २०१५ च्या कायद्याप्रमाणे ज्या कंपन्यांची वार्षिक उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक आहे, त्यांना आपल्या कामकाजात व पुरवठा साखळीत गुलामगिरी शिरू नये म्हणून काय केले, याचे निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करावे लागते. छोट्या पुरवठादारांना तो कायदा थेट लागू होत नाही, पण खरेदीदार तीच विचारणा त्यांच्याकडे पाठवतात. हे पत्रक खानदेशातून आलेल्या कामगारांना आणि फाउंड्रीच्या मजूर-ठेकेदारांना वाचून दाखवायचे आहे. त्यातल्या ‘मॉडर्न स्लेव्हरी’साठी मी ‘आधुनिक गुलामगिरी’ असे लिहिले होते. मालकांनी ते खोडून ‘वेठबिगार’ केले. त्यांचे म्हणणे असे की ‘गुलाम’ म्हटले की साखळदंड डोळ्यांपुढे येतात आणि हे आपल्याविषयी नाही, असे ऐकणारा ठरवून मोकळा होतो. जाणकारांचे मत हवे आहे.

रावपुरा: ‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला, कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आढळणारा शब्द आहे, तर ‘बिगार’ हा फारसी ‘बेगार’. म्हणजे ‘वेठबिगार’ या जोडशब्दात एकच अर्थ दोनदा आला आहे. राज्यघटनेच्या, सक्तीच्या कामाला बंदी घालणाऱ्या अनुच्छेद २३ मध्ये इंग्रजी पाठातसुद्धा ‘बेगार’ हाच शब्द ठेवला आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तरीही माझा आग्रह ‘सक्तश्रम’ या शब्दाचा राहील. ज्या बडोद्याने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढून राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडले, तिथे कायद्याच्या अर्थाचा शब्द घडवणे अशक्य मानू नये.

इंदूर-रामबाग: रावपुरा यांच्या व्यासंगाविषयी आदर राखून सांगतो, ‘सक्तश्रम’ ऐकताच सामान्य माणसाला न्यायालयाने ठोठावलेली सक्तमजुरी आठवेल, आणि दोष कामगाराचाच असल्यासारखे वाटेल. ‘वेठबिगार’मध्ये वेगळी अडचण आहे. ‘बिगारी’ म्हणजे आज बांधकामावर रोजाने जाणारा मजूर, आणि तो शब्द कुणालाही खटकत नाही. शिवाय जुनी वेठ ही गावावर येणारी होती. अंमलदार आला की ओझी वाहायची आणि घरी परतायचे. तिच्यात कर्ज नव्हते. आमच्या माळव्यात ‘बंधुआ मजदूर’ म्हटले की सगळे लख्ख समजते, तेव्हा ‘बंधुआ’ तसाच उचलावा.

नवसारीवाले: कर्जाचा मुद्दा निघाला म्हणून लिहिते. आमचे पणजोबा गायकवाडी नोकरीत नवसारी प्रांतात होते, आणि आजीच्या बोलण्यात ‘हाळी’ हा शब्द नेहमी यायचा. दुबळा या आदिवासी समाजातला तरुण लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून पैसे घेई आणि त्या दिवसापासून त्याचा हाळी होई. जमीनदार हा त्याचा ‘धणियामो’. बायको धणियामोच्या घरी शेणगोठा करी, मुले गुरे राखत, आणि फेडीचा दिवस काही उजाडत नसे. आजी हे सांगताना ‘गुलाम’ म्हणत नसे. ‘बांधलेला माणूस’ म्हणे. मला वाटते, ‘बंधुआ’ परका मानायचे कारण नाही. तोच अर्थ आपल्या बायका मराठीत बोलत होत्या.

रावपुरा: ‘बांधलेला माणूस’ हे वर्णन झाले, संज्ञा नव्हे. कायद्याच्या भाषेला संज्ञा लागते.

मकरपुरा: मी एका कारखान्यात खरेदी सांभाळतो, म्हणून जे पाहिले ते लिहितो. एका ओतकाम पुरवठादाराकडे पगारपत्रक बिनचूक होते आणि पगार बँकेतच जमा होत होता. जेवणाच्या सुट्टीत ठेकेदार बाजूला गेल्यावर एका मुलाला मी सहज विचारले की पैसे कुठल्या एटीएममधून काढतोस. तो म्हणाला, कार्ड ठेकेदाराकडे असते, आधारकार्डही त्याच्याकडेच आहे, गावाहून निघताना घेतलेली उचल फिटली की दोन्ही मिळेल. या मुलापुढे ‘गुलामगिरी’, ‘वेठबिगार’, ‘सक्तश्रम’ यांतले काहीही वाचले असते, तर त्याने मान हलवून ‘इथे तसले काही नाही’ असेच सांगितले असते. पत्रकात मथळा कोणताही असो, पहिल्या ओळीपासून कृत्ये लिहावीत: कामाला लावण्याबद्दल कामगाराकडून पैसे घेणे, मूळ कागदपत्रे अडकवणे, एटीएम कार्ड ठेवून घेणे, उचल फिटेपर्यंत गावी जाऊ न देणे, किमान वेतनापेक्षा कमी देणे. शेवटची गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली असे ठरवले की किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे अनुच्छेद २३ मधील सक्तीचे काम होय, कारण गरजही माणसावर सक्ती करते. आणि असा पुरवठादार सापडला की त्याची ऑर्डर लगेच तोडणे हा उपाय नाही. त्यात आधी तो मुलगाच रस्त्यावर येतो. कार्ड व कागद परत, थकलेली मजुरी हातात, आणि मगच पुढची ऑर्डर, हा क्रम छोट्या खरेदीदारालाही पाळता येतो. आपणही दर पाडून आणि मुदत आवळून ठेकेदाराला त्याच वाटेवर ढकलत नाही ना, हेही तपासले पाहिजे.

इंदूर-रामबाग: पण उचल घेणारा प्रत्येक जण बांधलेला कसा? ऊसतोड कामगार उचल घेतात, सालगडी घेतो, आमच्या कार्यालयातला शिपाईसुद्धा दिवाळीआधी घेतो. ‘उचल’ हा शब्द तुम्ही गुन्ह्यांच्या यादीत बसवलात, तर गरजूला अडीअडचणीला पैसे देणारा प्रामाणिक मालकही हात आखडता घेईल.

मकरपुरा: उचल देणे गुन्हा आहे, असे मी म्हटलेले नाही. तिच्या नावाखाली माणसाला दुसरीकडे काम धरू न देणे, गावी जाऊ न देणे किंवा कमी मजुरीवर राबवणे हा गुन्हा. कर्जापोटी माणसाला बांधून राबवण्यावर बंदी घालणाऱ्या १९७६ च्या कायद्याने असे बंधनाचे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपुष्टात आणली आहे, आणि वाद झाल्यास कर्ज तसले नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकला आहे. म्हणून उचलीची नोंद कामगाराला वाचता येईल अशा भाषेत असावी आणि तिची प्रत त्याच्याकडे असावी.

नवसारीवाले: मग ‘उचल’च्या शेजारी गुजराती ‘उपाड’ही छापा. सुरत, भरूचकडून आलेल्या मुलांना तोच शब्द कळतो.

रावपुरा: ‘उपाड’ हा मराठी मजकुरात नको. त्यासाठी ‘आगाऊ रक्कम’ आहे.

दांडियाबाजार: ‘आगाऊ रक्कम’ हा शब्द मी कारखान्याच्या फाटकावर कुणाच्याही तोंडी ऐकलेला नाही. ‘उचल’ आणि ‘उपाड’ दोन्ही घालते. मथळ्याचे मात्र अजून ठरत नाही, आणि मालक ‘वेठबिगार’वरच ठाम आहेत.