रहस्यकथांवर लघुप्रबंध करता येईल का?

प्रश्न (सोलापूर): माझे आजोबा गिरणीत मागावर होते. पाळी सुटली की भाड्याच्या वाचनालयातून बाबूराव अर्नाळकर आणायचे, आणि आजी चुलीपाशी बसून ऐकायची. त्यातली तीस-चाळीस पुस्तकं अजून ट्रंकेत आहेत. एम.ए.ला हाच विषय घ्यायचाय, पण सर म्हणतात, 'हलका आहे.'

उत्तर १: हलका कसा? अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. एवढं वाचणारी माणसं कोण होती, हाच मोठा प्रश्न आहे की! टेलिफोन कुणाच्या घरी, मोटार कुणाकडे, नोकराला हाक कशी मारतात, याच्या नोंदी काढ. खुनी कोण हे सोड.

उत्तर २: अगाथा ख्रिस्तीची 1950 ची 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' बघा. युद्धानंतरचं रेशनिंग, आणि शेजारी राहायला आलेला माणूस खरा कोण हे गावाला ठाऊक नाही. रहस्य त्यातूनच उभं राहतं.

प्रश्नकर्ती: काल ट्रंक उघडली. मलपृष्ठावर परतीच्या तारखांचे शिक्के आहेत, एकेक पुस्तक महिन्यात सात-आठ घरं फिरलंय. समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, 'दिवाणजीच चोर.' सरांना आधी हेच दाखवते.