मदत हवी आहे: आधीच्या एजंटचे फोटो वापरायचे तर परवानगी कुणाची?

नमस्कार मंडळी. एका फ्लॅटच्या विक्रीचं काम माझ्याकडे आलंय. आधीच्या एजंटची मुदत संपल्यावर मालकांनी ती वाढवली नाही. कुणाचं काम पळवलेलं नाही, हे आधीच सांगतो.

मालकांनी बारा फोटो पाठवले, सगळे त्या एजंटच्या जाहिरातीतले. हॉलच्या फोटोत खालच्या कोपऱ्यात अर्धा कापलेला वॉटरमार्क अजून दिसतोय. मालक म्हणतात, "घर माझं, म्हणजे फोटोही माझेच." मला हे पटत नाही. घर कुणाचंही असो, फोटोवर हक्क साधारणपणे काढणाऱ्याचा; कुणी पैसे देऊन काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल तर पैसे देणाऱ्याचा; नाहीतर करारात ज्याला लिहून दिला असेल त्याचा.

फोटोंचे पैसे मालकांनी दिलेले नाहीत, विचारून झालं. एजंटला दोनदा मेसेज केला. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. मेटाडेटात (फोटोच्या फाइलमध्येच साठवलेल्या माहितीत) फोटोग्राफरचं नाव शोधलं, पण फोटो व्हॉट्सॲपवरून आल्यामुळे तिथे काहीच उरलेलं नाही. नवे फोटो काढायची तयारी आहे, पण घर आता रिकामं आहे आणि बेडरूमच्या भिंतीला ओल आलीय. जुन्या फोटोत तीच भिंत अगदी कोरी दिसते! त्यामुळे परवानगी मिळाली तरी तो एक फोटो मी लावणार नाही.

"वॉटरमार्क ठेवून बिनधास्त वापर" हा सल्ला कृपया नको, तो मिळालाय.

फोटोग्राफर सापडला तर त्याची एकट्याची लेखी परवानगी पुरते, की एजंटचीही लागते? आणि त्या परवानगीत नेमकं काय काय लिहून घेता तुम्ही?